वाचून दाखविले, बरोबर आहे

"बाई, नुसती बोटं हलवा. काय टाइप करताय ते कोण बघतंय!"

दिग्दर्शक अनिरुद्ध गुप्ते मला हे म्हणाले तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि मी न्यायाधीशांच्या खुर्चीखाली, डाव्या हाताला, टाइपरायटरपुढे बसले होते. खुर्ची प्लायवूडची. न्यायाधीश नाटकातले. कोर्ट म्हणाल तर कोल्हापुरातल्या एका स्टुडिओत सुतारांनी तीन दिवसांत ठोकून उभं केलेलं. त्या सगळ्यात अस्सल माल म्हणजे मी एकटी. शालन नेर्लेकर, कोर्टातली मराठी टायपिस्ट, नोकरी पंधरा वर्षं, वेग मिनिटाला पंचावन्न शब्द. रजेच्या अर्जावर कारण लिहिलं होतं, ‘घरगुती’.

साल अठ्ठ्याऐंशी. टीव्हीवर दर गुरुवारी संध्याकाळी ‘घुबड’ नावाची मालिका लागायची. नोकरी सोडलेला एक सरकारी हेर तोंडाला घुबडाचा मुखवटा लावतो आणि कायद्याच्या हातून निसटलेल्या बदमाशांना धडा शिकवतो, अशी ती गोष्ट. दिवेलागणीला घुबडाचं नाव घेऊ नये म्हणणाऱ्या आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या साडेसातला सगळ्यांत पुढे जागा धरून बसायच्या. आणि आता कोर्टाचा भाग होणार होता. एका तस्कराचा विकत घेतलेला साक्षीदार शपथेवर खोटं बोलायला लागतो आणि त्याच क्षणी घुबड सज्जातून थेट कोर्टात उडी मारतं!

त्यांचा कलादिग्दर्शक आमच्या कोर्टात टेबलंखुर्च्या बघायला आला होता. त्याच्याबरोबर टायपिस्टचं काम करणारी मुलगी होती. माझ्या मशीनवर तिनं एका बोटानं टाइप करून दाखवलं, मेथी निवडावी तसं. मला हसू आवरेना. "हसताय काय, तुम्हीच या मग," तो म्हणाला. मी गेले. मला कुणी आव्हान दिलं की मागे हटायचं ठाऊकच नव्हतं तेव्हा. आताही फारसं नाही.

सेटवर पाऊल ठेवल्या ठेवल्या मी चुका काढायला सुरुवात केली. न्यायाधीशांच्या टेबलावर लाकडी हातोडा ठेवला होता.

"साहेब, हातोडा नसतो आमच्यात. पंधरा वर्षांत कोर्टात हातोडा बघितला तो एकदाच, सुतार खिडकी दुरुस्त करायला आला होता तेव्हा."

"प्रेक्षकांना हातोडा लागतो," गुप्ते म्हणाले.

"आणि सज्जा? आमच्या कोर्टाला कुठला सज्जा?"

"मग घुबड उडी कुठून मारणार? बाई, तुम्ही बसा."

मी बसले. आता गंमत अशी की, जी बोटं पंधरा वर्षं कानावर पडेल ते कागदावर उतरवत आली, त्यांना उगाच काहीतरी बडवा म्हटलं तर जमत नाही. त्यात गुप्त्यांना खराखुरा खटखट आवाज हवा होता. मी रिवाजाप्रमाणे एक अस्सल आणि दोन नकला असे तीन कागद कार्बन घालून मशीनला लावले आणि जे ऐकू येईल ते टाइप करत सुटले. पहिली ओळ अर्थात गुप्त्यांचीच.

घुबडाचं काम करणारा नट मेकअपच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होता. उडीचा आणि त्याचा काही संबंध नव्हता. मुखवटा घालून सज्जात उभा होता दिनकर आडसूळ, तालमीतला गडी, सहा फूट उंच. मालिकेतल्या प्रत्येक भिंतीवरून, जीपवरून, गच्चीवरून उडी मारायचा तो दिनकरच. तेरा भागांत त्याचा चेहरा एकदाही दिसला नव्हता. सकाळी चहा घेताना आमची ओळख झाली होती. मी चहा पीत होते आणि तो तांब्याभर दूध.

"बाई, तुमी खऱ्या कोर्टातल्या?" त्यानं विचारलं होतं. "मग तुमच्यासमोर नीट उडी माराय पायजे."

फायटर लोकांचे दोन नियम असतात, हेही त्यानंच मला सांगितलं होतं. खाली गादी बघितल्याशिवाय उडी मारायची नाही, आणि दिग्दर्शकानं मोठ्यानं ‘जंप’ म्हटल्याशिवाय तर नाहीच नाही. त्यांचे फाइट मास्तर हैदरभाई भाचीच्या लग्नासाठी दोन दिवस मिरजेला गेले होते. जाताना त्यांनी दिनकरला हे दोन्ही नियम पुन्हा बजावले होते.

रिहर्सल सुरू झाली. सज्जाखाली गादी घातलेली होती. गुप्ते कॅमेऱ्यातून बघत म्हणाले, "ती गादी काढा. कडा दिसतेय."

"साहेब, खाली फरशी हाय," वरून दिनकर म्हणाला.

"दहा फूट तर आहे. पैलवान ना तू?"

"गादी जरा मागं सरकवूया की."

"वेळ नाही. आणि हे बघ, मी ‘जंप’ म्हणणार नाही. टेक चालू असताना आवाज टेप होतो. साक्षीदार ‘देवाशपथ खरं सांगतो’ म्हणाला की तू उडी मारायची."

"मास्तरांस्नी येऊ द्या की साहेब. मास्तर म्हनत्यात, जंप ऐकल्याबिगर..."

"मास्तर मिरजेला आहेत. इथं मास्तर मी. ज्याला जमत नसेल त्यानं मुखवटा काढून ठेवावा, बाहेर दहा जण उभे आहेत."

दिनकरनं मुखवटा नीट बसवला. गादी उचलली गेली. माझी बोटं चालूच होती.

मग टेक झाला. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून म्हणाला, "देवाशपथ खरं सांगतो." सज्जातून काळा झगा फडफडत खाली आला आणि फरशीवर नारळ फोडल्यासारखा आवाज झाला. दिनकर ओरडलासुद्धा नाही. मुखवटा तोंडावर तसाच होता आणि उजवा पाय भलतीकडेच वळला होता. मी धावले, मुखवटा काढला. घामानं थबथबलेला चेहरा, दात घट्ट आवळलेले. "बाई, उडी नीट झाली न्हवं?" त्यानं विचारलं. मला रडू फुटलं. त्याला जीपमध्ये घालून सरकारी दवाखान्यात नेलं. मांडीचं हाड मोडलं होतं.

गुप्त्यांनी पंधरा मिनिटांची सुट्टी दिली आणि उरलेले शॉट्स घेतले. उडी कॅमेऱ्यात छान आली होती म्हणे.

पाच वाजता पॅकअप झालं. स्टुडिओच्या फाटकाबाहेर रोजच्यासारखी स्वाक्षऱ्यांसाठी गर्दी होती. गुप्ते सकाळपासून नुसत्या सह्या करत होते. वहीवर, वर्तमानपत्रावर, एका बाईच्या तर रेशनकार्डावर. कागद आणि पेन पुढे आलं की त्यांचा हात आपोआप चालायचा. आमच्या कोर्टात जबानी टाइप करून झाली की शेवटी एक ओळ असते, ‘वाचून दाखविले, बरोबर आहे’, आणि त्याखाली बोलणाऱ्याची सही. मी ती ओळ टाइप केली, कागद मशीनमधून काढले, कार्बनसकट लाकडी पॅडला लावले आणि ऑफिसच्या दाराशी जाऊन उभी राहिले. गुप्ते फोनवर बोलत होते. फोन ठेवून ते बाहेर आले.

"तुम्हीसुद्धा, बाई?" ते हसले.

"वाचून दाखवू का, साहेब?"

"नको हो, काय वाचायचंय! पेन द्या." त्यांनी झोकात सही ठोकली, खाली वळणदार रेघ मारली, आणि निघून गेले. सवय ती सवय. त्यांनाही होती, मलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात गेले. दिनकरचा पाय वजन लावून टांगला होता. तो छताकडे बघत पडला होता आणि माझ्याकडे मान वळवायलाही तयार नव्हता.

"पाय दुखतोय का?"

"पायाचं काय न्हाई बाई, पाय जुळंल. साहेबांनी संघटनेला पत्र लिवलंय. म्हनं, मी दारू पिऊन आलतो. म्हनं, जंप म्हनायच्या आदीच उडी मारली. उद्या मास्तर आल्यावर कार्ड काढून घेनार." फायटर संघटनेचं कार्ड म्हणजे त्याचं सगळं काम. ते नसलं तर कुठल्याही स्टुडिओचं फाटक त्याला बंद.

"मग मास्तरांना खरं सांग की."

"मास्तर म्हनत्याल टेप लावा. टेपवर जंप न्हाईच की! आनि बाकीचे कशाला बोलत्याल? अजून बारा भाग व्हायचेत." त्याचा आवाज फुटला. "कार्डाचंबी सोडा. दारूचं वस्तादांच्या कानावर गेलं तर तालमीची पायरी चढू द्यायचे न्हाईत मला. वयाच्या धाव्या वर्षापासनं त्या मातीत हाय मी. आजवर थेंब शिवलो न्हाई, बाई."

सहा फुटी गडी माझ्यासमोर लहान मुलासारखा रडला. मी त्याच्या उशाशी मोसंबी ठेवली आणि म्हटलं, "आडसूळ, उद्यापर्यंत रडणं तहकूब करा."

तिसऱ्या दिवशी दुपारी हैदर मास्तर आले. मूळचे मिरजेचे, केसांना मेंदी, बोलणं मोजकं. संघटनेच्या कमिटीत तेच होते. ते पत्र हातात घेऊन सेटवर उभे राहिले आणि सगळे त्यांच्याभोवती जमले. तो सेट कोर्टाचा असल्यामुळे आपोआप कोर्ट भरल्यासारखं झालं. कुणी पिंजऱ्याला टेकलं, कुणी वकिलांच्या बाकावर बसलं. न्यायाधीशाचं काम करणारे भास्करराव तुळपुळे वर खुर्चीत काळा झगा घालून डुलक्या घेत होते, कारण सेटवर गादी घातलेली खुर्ची तेवढी एकच होती. नाटकात चाळीस वर्षं काढलेला माणूस. आवाज अजून खणखणीत, कान मात्र साफ गेलेले. समोरच्याच्या ओठांकडे बघून आपलं वाक्य कधी म्हणायचं ते ओळखायचे.

"टेप लावा," मास्तर म्हणाले.

टेप लागली. साक्षीदाराचा आवाज आला, ‘देवाशपथ खरं सांगतो’, आणि मग तो नारळ फुटल्याचा आवाज. ‘जंप’ कुठेच नाही.

"बघा," गुप्ते म्हणाले. "मलाही वाईट वाटतंय, मास्तर. पण प्यायलेल्या माणसाला भान कुठलं?"

मास्तरांनी एकेकाकडे बघितलं. कॅमेरावाला, दिवेवाले, मेकअपवाला, सगळे मूग गिळून बसले होते. मास्तरांचा चेहरा उतरला. "दिनकरला मी पोरगा मानतो," ते म्हणाले. "पण नियम मीच शिकवला त्याला. कार्ड जमा करावं लागंल."

"मास्तर," मी उठून उभी राहिले. "ही टेप टेकची झाली. रिहर्सलची कुठाय?"

"रिहर्सल कोण टेप करतं, बाई?"

"टेप नाही. मी टाइप केलीय."

गुप्ते हसले. मी पर्समधून कागद काढला आणि पायऱ्या चढून सरळ न्यायाधीशांकडे गेले. तुळपुळ्यांना हलवून जागं केलं आणि कानाशी ओरडले, "भास्करराव, हे मोठ्यानं वाचा!"

"माझं वाक्य आलं?" त्यांनी चष्मा चढवला.

"आलं!"

त्यांनी आधी हातोडा आपटला, सवयीनं. मग त्या खर्जातल्या आवाजात वाचायला सुरुवात केली. "‘बाई, नुसती बोटं हलवा. काय टाइप करताय ते कोण बघतंय!’"

गुप्त्यांचं हसू तिथंच थांबलं.

तुळपुळे वाचत गेले. गादी काढा, कडा दिसतेय. साहेब, खाली फरशी हाय. दहा फूट तर आहे, पैलवान ना तू. मी जंप म्हणणार नाही. इथं मास्तर मी. एकेक वाक्य त्या खोट्या कोर्टाच्या भिंतींवर आपटत होतं. मास्तरांची मान हळूहळू वर येत होती. ‘मास्तरांस्नी येऊ द्या की साहेब’ हे आलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. वाचताना तुळपुळ्यांच्याही लक्षात यायला लागलं असावं की हे संवाद आपल्या भागातले नाहीत. त्यांचा आवाज आणखी चढला.

"हे... हे काहीही आहे," गुप्ते म्हणाले. "घरी बसून कुणीही टाइप करेल."

तुळपुळ्यांना ते ऐकू गेलं नाही. ते शेवटच्या ओळीवर आले होते. "‘वाचून दाखविले, बरोबर आहे.’ खाली सही." त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "‘शुभेच्छांसह, अनिरुद्ध गुप्ते.’"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दिवेवाले हसले, मग सगळेच.

"मी ती स्वाक्षरी म्हणून दिली होती!"

"सही तुमचीच ना, साहेब?" मास्तरांनी शांतपणे विचारलं.

गुप्ते माझ्याकडे वळले. "तुम्हाला हे उद्योग करायला सांगितलं कुणी?"

"तुम्हीच. पहिल्याच ओळीत आहे."

मास्तरही माझ्याकडे बघत होते. "बाई, खरं सांगा. सही मुद्दाम घेतली?"

"छे हो मास्तर," मी म्हटलं. "पान भरलं की टायपिस्टनं सही घ्यायची, आमच्या कोर्टाची रीत आहे. हाताला सवय."

एकदा हसू फुटल्यावर लोकांना वाचाही फुटली. मेकअपवाला पुढे येऊन म्हणाला, "दिनकरनं त्या दिवशी माझ्यासमोर तांब्याभर दूध घेतलंय, दुसरं काही नाही." कॅमेरावाला म्हणाला, "गादी काढताना मी होतो." बाकीच्यांनीही माना डोलवल्या. दोन दिवस कुठं दडून बसले होते कोण जाणे. पण आले, हे चांगलं झालं.

गुप्त्यांनी वर जाऊन तुळपुळ्यांच्या हातातला कागद घेतला, घडी घातली आणि स्वतःच्या खिशात टाकला.

"ठेवा साहेब," मी म्हटलं. "ती तुमची प्रत. माझ्याकडे दोन नकला आहेत, सह्या उमटलेल्या."

हैदर मास्तरांनी ते तक्रारीचं पत्र गुप्त्यांच्या हातात दिलं आणि त्यांच्याकडूनच फाडून घेतलं. दुसरं पत्र लिहून घेतलं, की उडी दिग्दर्शकाच्या सांगण्यावरून मारली आणि माणूस शुद्धीत होता. त्याची एक नक्कल मी स्वतः टाइप केली आणि तालमीत वस्तादांच्या हातात नेऊन दिली. वस्तादांनी ती दोनदा वाचली आणि त्याच संध्याकाळी दवाखान्यात दुधाची किटली गेली.

भाग गुरुवारी लागला. घुबड सज्जातून कोर्टात उतरलं आणि आमच्या गल्लीनं टाळ्या वाजवल्या. माझी बोटं तीन सेकंद दिसली. दिनकरचा पाय पाच महिन्यांनी जमिनीला लागला, जरासा आखूड झाला. उड्या बंद झाल्या, पण कार्ड राहिलं. त्या कार्डावर तो पुढे स्वतः फाइट मास्तर झाला. गादीसाठी भांडणारा मास्तर म्हणून त्याची ख्याती होती.

पुढे बारा वर्षांनी तो आमच्या कोर्टात आला. शेजाऱ्यांच्या भिंतीच्या वादात साक्षीदार होता. न्यायाधीशसाहेब सांगत होते आणि मी टाइप करत होते. पिंजऱ्यात उभा राहून तो माझ्याकडे बघून सारखा हसत होता, मी मान वर केली नाही. जबानी संपली. मी ती शेवटची ओळ टाइप केली, कागद काढून टेबलाच्या कडेला ठेवला आणि मशीनला नवा कागद लावला. नेहमीप्रमाणे शिपाई आला, त्यानं कागद उचलला, पिंजऱ्याकडे नेला. दिनकरनं सही केली. मग हातातलं पेन तसंच धरून त्यानं शिपायाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा शिपायाकडे बघितलं.

मधल्या सुट्टीत तो बाहेर चहाच्या गाड्यापाशी माझी वाट बघत उभा होता. मी चहा घेतला. त्याच्यासाठी दूध सांगितलं.

"बाई, सही घ्याय शिपाई येतो की वं."

"येतो."

"कायम?"

"सत्तावीस वर्षं झाली नोकरीला. टायपिस्ट जागची उठत नाही."

तो विचारात पडला. "मग त्या दिवशी तुमी का उठलासा?"

बारा वर्षं हे कुणाला सांगितलं नव्हतं. त्याला सांगितलं. "तुझी चौकशी करायला मी दाराशी गेले तेव्हा गुप्ते फोनवर मुंबईशी बोलत होते. ‘प्यायला होता, जंप म्हणायच्या आधीच उडी मारली’ म्हणत होते. तुला जीपमध्ये घातलेलं मी बघितलं होतं, दिनकर. असा संताप आला! तशीच मागे फिरले, ती शेवटची ओळ टाइप केली आणि पॅड घेऊन पुन्हा दाराशी उभी राहिले. कार्बनसुद्धा मुद्दाम काढले नाहीत."

दिनकरचे डोळे भरून आले. ते त्यानं बाहीनं पुसले आणि एकदम काहीतरी सुचल्यासारखं माझ्याकडे रोखून बघितलं.

"म्हंजे मास्तरांस्नी तुमी खोटं सांगितलासा. भर कोर्टात!"

"ते कोर्ट खोटं होतं, आडसूळ," मी चहाचा कप खाली ठेवत म्हटलं. "तिथं लाकडी हातोडा होता."